तीन, टीव्हीला

आमच्या घरात रिमोटवरून कधी भांडण झालं नाही. रिमोट ज्याला हवा त्याने घ्यावा, उशीखाली दडवावा, त्यातले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घालावेत, कुणाची हरकत नसायची. भांडण व्हायचं ते भोकावरून. टीव्हीच्या मागे जाडी वायर खुपसायची दोन भोकं होती. त्याला पोर्ट म्हणतात हे लेकीने मला पुष्कळदा सांगितलंय, पण पोर्ट म्हटलं की मला बोटी दिसतात, त्यामुळे मी भोकच म्हणते. त्या दोनांपैकी एक भोक वीज जाण्या-येण्याच्या गडबडीत कधीतरी कायमचं गेलं. उरलं एक, आणि त्याचे दावेदार तीन. एक सेट टॉप बॉक्स, ज्यावर मालिका आणि बातम्या. दुसरी ती इंटरनेटवरचं सगळं टीव्हीवर दाखवणारी कांडी. तिसरा लेकीचा गेमचा डबा, जो ती कॉलेजातून आली की तिला लागतोच.

बरं, वायर बदलायची म्हणजे खायचं काम नाही. माझ्या नवऱ्याने टीव्ही भिंतीला असा चिकटवून बसवून घेतलाय की मागे पाल शिरली तर तिलाही आडवं व्हावं लागेल. त्यामुळे बदलणाऱ्याने भिंतीला गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि चाचपडत राहायचं. हे घरात एकट्या नवऱ्यालाच जमायचं. तो रत्नागिरीकडचा, शेलाटा, हात लांब आणि बारीक. बोलतो कमी, पण जे बोलतो ते खवचट. एकदा तो असा भिंतीला गाल लावून उभा असताना शेजारीण साखर मागायला आली आणि दारातच थबकली. ती भिंत तिच्या हॉलची. पुढे बरेच दिवस त्यांच्याकडे सगळे कुजबुजतच बोलत होते.

नवा टीव्ही घ्यायचा विषय मी काढून पाहिला होता. ‘चालतोय ना’ एवढ्या दोन शब्दांत नवऱ्याने तो मिटवला. तर असं आमचं बरं चाललेलं, आणि मग माझी आई राहायला आली.

आई खारीची. खारी म्हणजे भाईंदर पूर्वेचं जुनं गाव, आमच्या सिल्व्हर पार्कपासून रिक्षाने जा, हातातला वडापाव संपायच्या आत पोचता. पण आई ‘गावाला जाते’ असं अशा थाटात म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, वाटेत मुक्काम करावा लागत असेल. गावाच्या चहूबाजूंनी आता बिल्डिंगा उभ्या राहिल्यात आणि मधल्या एका बैठ्या घरात ती एकटी राहायची. मी तिची एकुलती एक. वडील गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, की आमच्याकडे ये, कायमची ये. ती ऐकेल तर शपथ. मग एका सकाळी ती मोरीपाशी घसरून पडली आणि शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पायाला नुसता मुका मार होता. पण त्या दिवशी मी तिचं काही ऐकून घेतलं नाही. कपडे पिशवीत कोंबले आणि तिला रिक्षात घातलं.

“दोन रोज ऱ्हातंय न जातंय,” तिने रिक्षातच जाहीर केलं.

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, तू ये तर खरी, जाऊ कोण देतंय.

आल्या संध्याकाळी आम्हाला तिचं व्यसन कळलं. माझ्या आईला क्रिकेटचं वेड आहे. ते तुम्ही बघता ते क्रिकेट नव्हे, आमच्या गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा. लाल मातीचं मैदान, चुन्याने आखलेली सीमारेषा, मंडपात बसलेले पाहुणे, आणि आमच्या बोलीत तोंडाचा पट्टा चालवणारा एक समालोचक. या स्पर्धा हल्ली इंटरनेटवर थेट दाखवतात. खारीत ती शेजारणीच्या मोबाइलवर बघायची, दोघींची डोकी एका पडद्यावर. आमच्याकडे तेच टीव्हीवर दिसतं म्हटल्यावर ती हरखूनच गेली. मी सहज विचारलं, की मोठ्या टीमच्या मॅचा का नाही बघत?

“त्यांना कोन वलखतंय?” ती म्हणाली. “ह्यो बघ, ह्यो पान्याच्या टाकीच्या मागचा. ह्याची आयस आन मी एका नलावर भांडाचो.”

आता तिला मालिका हवी सेट टॉप बॉक्सवरची आणि क्रिकेट हवं कांडीवरचं. मालिका संपेपर्यंत डाव सुरू होतो, डावांच्या मध्ये परत मालिका. लेकीचा गेम आहेच. म्हणजे संध्याकाळभर नवऱ्याचा गाल भिंतीला. त्याची काही तक्रार नव्हती. तो उलट म्हणाला, भिंत थंड असते, बरं वाटतं. तक्रार होती ती आईची, पण ती बोलून दाखवत नव्हती.

आमच्याकडे जावई म्हणजे देव नसला तरी देवाच्या खालची पायरी नक्की. जावई आला की त्याला खुर्ची, पाणी, पापलेटचा मधला तुकडा. त्याने हलायचं नाही, फक्त ‘पुरे’ म्हणायचं, आणि ते कुणी ऐकायचं नाही. माझं लग्न जुनं झालं, लेक कॉलेजात गेली, तरी आई नवऱ्याशेजारी सोफ्यावर टेकून बसत नाही, कडेला बसते, जशी काही तिची गाडी सुटणार आहे. आणि इथे हा जावई तिच्यासाठी, तिच्या मॅचसाठी, भिंतीत हात घालून उभा. तो उठला की ही उठायची. पदर डोक्यावर घ्यायची आणि त्याचा हात बाहेर येईपर्यंत तशीच उभी राहायची. तो बसला की ही बसायची. दुखऱ्या पायाने तिची अशी उठाबशी चाललेली, आणि लेक मला खुणेने विचारायची, की राष्ट्रगीत चाललंय का.

मला हसू यायचं. मग एका संध्याकाळी आई हॉलमध्ये आलीच नाही. स्वयंपाकघरात खाली बसून सुकट निवडत राहिली. मॅच सुरू झाल्याचं मी सांगितलं.

“मना न्हाय बघायचा.”

“अगं, खारी खेळतेय. सेमीफायनल.”

“खेलूं दे.”

तिने सुकटीच्या एकेका काडीचं असं डोकं मोडायला घेतलं, की मी पुन्हा मॅचचं नाव काढलं नाही. सुकट संपल्यावर ती म्हणाली, “आयतवारी सकाली मी जातंय घरा.”

“आणि रविवारी दुपारी फायनल आहे ती?”

“तिकडं बघीन, शेजारनीच्या मोबाइलात. हितं जावयाला माझ्यापायी भिताडात हात घालाया लागतंय. माझ्या बापानं असा शिकवला न्हाय मना.”

मला राग यायला वेळ लागत नाही, हे माझ्या ओळखीतलं कुणीही सांगेल. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि मोठमोठे पेशंट माझ्या आवाजाने तोंड उघडतात. त्या दिवशी मी तिला खूप बोलले. तू एकटी पडून राहिलीस ते विसरलीस का, पुन्हा पडलीस आणि शेजारीण दूध घेऊन आलीच नाही तर काय, एका वायरसाठी जातेस का. तिने शांतपणे सुकट डब्यात भरली. मला माझी आई घरात हवी होती. सकाळी उठल्यावर तिचा खोकला ऐकू यावा, एवढंच मला हवं होतं, आणि ते एका भोकासाठी अडलं होतं.

आजी मॅच बघत नाही म्हटल्यावर लेकीने गेम लावून घेतला होता. माझा चेहरा बघून तिने तो बंद केला, हे फार क्वचित होतं. म्हणाली, “आई, स्विचर घे ना. एवढं काय.”

मग तिने मला स्विचरवर व्याख्यान दिलं. हा एक छोटा डबा असतो. त्यात तीन वस्तूंच्या तीन वायरी घालायच्या आणि डब्यातून एकच वायर टीव्हीच्या भोकात. बटण दाबलं की ज्याचा नंबर त्याचं चित्र. बाबांनी एकदा भिंतीला गाल लावला की मग कायमची सुट्टी. महागडाही नसतो. फक्त ऑनलाइन मागवला तर पुढच्या आठवड्यात येईल, त्यामुळे दुकानातून आण. मी तिला सोबत चल म्हटलं तर शनिवारी तिचा क्लास होता. म्हणाली, “तू फक्त सांग की तीन गोष्टी टीव्हीला लावायच्यात. तो बरोबर देईल.”

एवढं सोपं वाक्य. मी ते रिक्षात घोकत गेले.

मीरा रोडला एका गल्लीत वायरी, चार्जर, माळा, कॅमेरे अशा सगळ्या लोंबकळणाऱ्या वस्तूंचं एक दुकान आहे. काउंटरवर एक गुजराती तरुण आणि मागे गल्ल्यावर त्याचे वडील. मी दवाखान्यात दिवसभर हिंदी बोलते, त्यामुळे हिंदीचं मला काही वाटत नाही. निदान तेव्हा वाटत नव्हतं.

“भैया, टीवी का वो डब्बा दिखाओ ना,” मी म्हटलं. “तीन टीवी को लगाना है.”

तो थांबला. “तीन टीवी को?”

“हां, तीन.”

“दुकान के लिए है, बेन?”

“नहीं नहीं, घर के लिए.”

त्याने मला जरा निरखून पाहिलं. “बड़ा घर होगा.”

“बड़ा कायका, वन बीएचके है.”

“वन बीएचके में तीन?”

“सबका अलग-अलग है ना,” मी समजावलं. “मेरी मम्मी को अलग देखने का, बेटी को अलग, मिस्टर को अलग.”

“तो फिर बेडरूम तक लंबा वायर लगेगा.”

“बेडरूम में क्यूं? तीनों हॉल में है. एक के ऊपर एक रखा है.”

तो वळून वडिलांना म्हणाला, “पप्पा, वन बीएचके. हॉलमां त्रण टीवी. एक उपर एक.” वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला बघितलं. माझी छाती फुगली. मला वाटलं, एवढ्याशा जागेत मी सगळं किती नेटकं मांडलंय याचं कौतुक चाललंय.

“तीनों एक साथ चलाएंगे?” तरुणाने विचारलं.

“उसी का तो झगड़ा है,” मी म्हटलं. “सबको एक ही टाइम पे देखना होता है.”

हे त्याला पटलं असावं. त्याने फळीवरून एक चपटा काळा डबा काढला. “ये ले जाओ. एक का चार.”

“मेरे तीन ही हैं.”

“एक खाली रहेगा. चौथा लोगे तब काम आएगा.”

“चौथा किचन में लगा देना, बेन,” मागून वडील म्हणाले. गमतीदार गृहस्थ आहेत, असं मला वाटलं आणि मी मनापासून हसले. तिनाच्या ठिकाणी चार मिळाले, वर भावही थोडा पाडून घेतला. परत येताना मी रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि आईला काय काय सुनवायचं त्याची मनात तयारी चालली होती.

घरी नवऱ्याने शेवटचा म्हणून भिंतीला गाल लावला. आई उठून उभी राहिली. डब्याला तीन वायरी लावल्या, टीव्हीची वायर लावली, डब्यावर निळा दिवा लागला. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही. नवऱ्याने वायरी काढल्या, फुंकल्या, परत घातल्या. आई बसली, उठली, बसली. नवरा डब्याकडे बघत म्हणाला, “चार दारं आहेत, पण आत कुणी राहत नाही.” बटण शोधलं तर बटणच सापडेना. आईने पदर सावरत मला हळूच सांगितलं, “बास कर गो. घामाघूम झायलाय त्यो.”

तेवढ्यात लेक क्लासहून आली. तिने डबा उलटा केला, बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. “आई, हा स्प्लिटर आहे. हा उलटा असतो. एका डब्याचं चित्र चार टीव्हींवर दाखवायला. लग्नाच्या हॉलमध्ये, क्लासमध्ये वगैरे लावतात. तू त्याला नक्की काय म्हणालीस?”

मी वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तीन टीवी को लगाना है.

लेक उभ्याची खाली बसली. तिचा आवाजच निघेना, नुसते खांदे हलत होते. मला काही कळेना. मग तिने कसंबसं सांगितलं, की अगं, तीन टीवी को म्हणजे तीन टीव्हींना. मी तर मनात मराठीत बोलत होते. तीन, टीव्हीला लावायचेत. तीननंतर मी मनात थांबले होते. पण हिंदीत बोलताना तो स्वल्पविराम कुठेतरी गळून पडला, आणि मीरा रोडच्या त्या दोन भल्या माणसांपुढे मी एका वन बीएचकेच्या हॉलमध्ये एकावर एक तीन टीव्ही रचून, घरातल्या प्रत्येकाला आपापल्या टीव्हीसमोर बसवून आले होते. मी दुकानातलं सगळं बोलणं सांगितलं. किचनमधल्या चौथ्यापर्यंत आल्यावर नवरा सोफ्यावर आडवा झाला. त्याला असं हसताना मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि आई. आई आधी पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली, मग भिंत धरून हसली. “चवथा किचनान,” ती परत परत म्हणत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, सुटले, आता ही जात नाही. तिने डोळे पुसले.

“तरी सकाली मी जातंय,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती तयार होऊन बसली. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की वाटेत तो डबा परत करू, मग तुला खारीला सोडते. वाट जरा वाकडी होती, तरी ती लगेच चपला घालून निघाली. मला वाटतं तिलाही ते दोघे बघायचे होते.

आम्हाला बघताच तरुण आत वळून म्हणाला, “पप्पा, त्रण टीवीवाळां बेन.” वडील गल्ला सोडून पुढे आले. मी सगळं खरं सांगितलं, या वेळी एकेक शब्द सुटा करून, मधे श्वास घेत. टीवी एक. भोक एक. डब्बे तीन. तरुणाने कपाळाला हात लावला. वडील म्हणाले, “बेन, हम तो रात को घर में बात कर रहे थे, बिल कितना आता होगा.”

मग त्यांनी काउंटरवर तीन प्रकारचे डबे मांडले. एक आपोआप बदलणारा, जे चालू करा त्याचं चित्र येणार. तो मीच बाजूला सारला, कारण मॅचच्या शेवटच्या चेंडूला लेकीने गेम चालू केला असता तर घरात खून पडला असता. दुसरा रिमोटवाला. तो जरा महाग, आणि आमच्याकडे आधीच इतके रिमोट की वरणाच्या चमच्याबरोबर एखादा घासायला जातो. तिसरा सगळ्यात साधा, साबणाच्या डबीएवढा, वर एकच बटण आणि पुढे तीन छोटे दिवे. तरुण म्हणाला, की यातलाच बिनविजेचा आणखी स्वस्त येतो, पण वायर लांब असली की तो नखरे करतो. त्यापेक्षा हा घ्या, याला टीव्हीच्याच यूएसबीतून वीज मिळते.

मी विचार करत होते, तोवर आई माझ्या बाजूने पुढे झाली. तिने तो साधा डबा उचलला आणि उलटसुलट पाहिला.

“ह्याचा बटन कुठं ऱ्हाईल?” तिने मला विचारलं. “भिताडामागं का पुढं?”

मी तरुणाला विचारलं. तो म्हणाला, “माजी, ये नीचे टेबल पे रहेगा. बस एक लंबा वायर ले लो, टीवी से टेबल तक.”

“मंजे जावयाला उठाया लागनार न्हाय?”

“नाही गं,” मी म्हटलं. “कुणालाच नाही. तू बसल्या जागी दाबायचं.”

तरुणाने डब्याला वीज जोडून दाखवली. आईने बटण दाबलं. पहिला दिवा गेला, दुसरा लागला. पुन्हा दाबलं, तिसरा. पुन्हा, पहिला. ती दाबतच राहिली. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, तरी तिचं बोट थांबेना, आणि दर वेळी दिवा बदलला की ती माझ्याकडे बघायची. शेवटी वडील म्हणाले, “माजी को पसंद है.” जुना डबा त्यांनी कुरकुर न करता परत घेतला.

“चल, लावून बघू,” आई रस्त्यावर आल्यावर म्हणाली. “न्हाय चालला तं मी तितूनशीच रिक्षा करतंय.”

घरी नवरा भिंतीकडे निघाला, तशी आईने त्याच्या वाटेत हात आडवा धरला. “जावय, तुमी बसा.” तिच्या आवाजात असं काही होतं, की तो बसला, आणि लग्नातल्या नवरदेवासारखा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला. भिंतीला गाल लावला लेकीने. तिचा हात अगदी सहज आत गेला. हा हात आत जातो हे या मुलीने इतकी वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलं होतं. त्यावर मी काही बोलणार होते, पण तेवढ्यात वायरी लागल्या होत्या.

आईने बटण दाबलं. पडदा काळा झाला, आणि काळाच राहिला. मी मनातल्या मनात हिंदीला, मीरा रोडला आणि सगळ्या वायरींना शिव्या घालत होते. मग पडद्यावर लाल माती आली, चुन्याची रेघ आली, आणि समालोचक आमच्या बोलीत ओरडायला लागला.

आईने सुस्कारा सोडला. “पान्याच्या टाकीमागचा बघ, दाढी करून आलाय,” ती म्हणाली.

फायनलला खारी हरली, शेवटच्या षटकात. आईने एकेका खेळाडूचा त्याच्या घरादारासकट उद्धार केला. पण ते नंतर. त्याआधी, पहिला डाव संपल्यावर, तिने नवऱ्याला विचारलं, “जावय, तुमाला काय बघायचा? बोला.” तो संकोचून म्हणाला, बातम्या लावल्या तरी चालतील. ती उठली, टेबलापर्यंत लंगडत गेली, बटण दाबलं, बातम्या लागल्याची खात्री केली, आणि परत येऊन सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली. पाठ टेकून बसली. मी ते पाहिलं आणि उगीचच पंख्याचा वेग वाढवला.

दुपार टळली. रिक्षाचं नाव कुणी काढलं नाही. सोमवारी मी दवाखान्यात जाताना ती झोपलेली होती, आणि तिचा खोकला मला जिन्यापर्यंत ऐकू आला.

हळूहळू बटणाला शिस्त लागली. ते आईशिवाय कुणी दाबायचं नाही. लेकीला गेम हवा तर आजीला विचारायचं, आणि आजी आधी अभ्यासाचं विचारणार. नवऱ्याला बातम्या हव्यात तर त्याने नुसतं खाकरायचं. मी एकदा आईचं लक्ष नाही असं बघून स्वतः दाबलं, तर ती स्वयंपाकघरातून ओरडली, की कोन हाय त्यो. माझ्याच घरात मी अर्ज करून टीव्ही बघतेय, आणि इतकी खूश मी बऱ्याच वर्षांत नव्हते.

परवा खारीहून शेजारणीचा फोन आला, दूध देणारी, मोबाइलवर मॅच दाखवणारी. तिचा आवाज मोठा, मला कणीक मळताना सगळं ऐकू येत होतं. ती विचारत होती, की कवा येशील, घर बंद बरा न्हाय दिसत. माझा हात कणकेतच थांबला. आईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“यायचा तं हाय गो,” ती म्हणाली. “पन कशी येऊ? हितं बटन दाबाया कोन हाय?”

मग तिने तिला विचारलं, की तूच दोन रोज इकडं ये ना, टीव्ही मोठा हाय. मी कणकेत आणखी पाणी ओतलं, जास्तच झालं, आणि त्या रात्री आमच्याकडे पोळ्यांऐवजी घावनं झाली.